शेवटची जाळरेषा

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९६६. ती खरी नाही. आई सांगायची, मी झालो तेव्हा वाडीत सुपारी उतरवायचं काम चाललं होतं. म्हणजे दिवस थंडीचे असणार. पण गुरुजींनी आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं, आणि त्या गुरुजींच्या दौतीतली शाई अठ्ठावन्न वर्षांनी माझ्या नोकरीवर सांडली. सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे २०२४ हा माझा नोकरीचा शेवटचा दिवस ठरला.

यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण जंगलातल्या माणसाचं वर्ष वेगळं असतं. आमच्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. दाखल्यावर खरी तारीख असती, तर हा उन्हाळा पुरा करून, पहिला पाऊस अंगावर घेऊन मी खाली उतरलो असतो. तो पंधरा दिवसांनी अपुरा राहिला.

मी चौलचा. चौल म्हटलं की लोकांना जुनं बंदर आठवतं, रेवदंड्याचा किल्ला, रामेश्वराचं देऊळ, दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आठवतात. चौलकराचं तोंड समुद्राकडे, असंच सगळ्यांना वाटतं. त्याच्या पाठीशी जंगल आहे हे कुणाच्या फारसं ध्यानात नसतं. रेवदंड्याचा पूल ओलांडला, साळाव मागं टाकलं आणि डोंगराकडचा रस्ता धरला, की सुपेगावाशी फणसाड अभयारण्याची हद्द लागते. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. संस्थान गेलं, शिकारी गेल्या, आणि १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. मुरूड, रोहे, अलिबाग या तालुक्यांच्या डोंगरांत पसरलेलं, सुमारे सत्तर चौरस किलोमीटरचं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत बदल्या पुष्कळ झाल्या, पण निम्मी वर्षं याच रानात गेली.

मुंबई-पुण्याचे पाहुणे आम्हाला सरसकट 'रेंजर' म्हणतात. रेंजर म्हणजे आमचे साहेब, वनपरिक्षेत्र अधिकारी. मी साधा वनरक्षक. गावात आम्हाला 'गार्ड' म्हणतात, आणि रागावले की 'फारेष्ट'. खाकी कपडे, काठी, पाण्याची बाटली, खिशात वही आणि वाट्याला आलेलं बीट. बीट म्हणजे जंगलाचा असा तुकडा, की त्यात झाड पडलं, फासकी लागली, आग लागली, तर पहिला प्रश्न आपल्याला.

* * *

उन्हाळ्यात आमची कामं दोन. आग आणि पाणी.

आगीचं काम आग लागण्याच्या फार आधी सुरू होतं. जंगलाच्या कडेनं, रस्त्यालगत आणि आतून ठरावीक ठिकाणी पट्टे काढायचे. गवत कापायचं, पालापाचोळा बाजूला करायचा, उरलेलं आपल्या देखरेखीत जाळून टाकायचं. याला जाळरेषा म्हणतात. आग आली की तिला पुढं खायला काही मिळू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. पूर्वी हे सगळं झाडूनं आणि डहाळ्यांनी व्हायचं, आता पाठीवर अडकवायचे ब्लोअर आले आहेत. पण एकदा साफ केलेली रेषा साफ राहत नाही. ऐन, किंजळ, सावर पानं टाकतच असतात. आठवड्यानं जाऊन पाहावं, तर रेषा पुन्हा बुजलेली. लग्नघरातल्या अंगणासारखं आहे ते, सारखं झाडत राहावं लागतं.

फणसाडची सगळीच झाडं पानं टाकत नाहीत. अंजनी बारमाही हिरवी. उन्हाळ्यात तिच्या फांद्यांना जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके लागतात. गारंबीचे वेल तर अजगरासारखे एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. गारंबीची हात-दोन हात लांबीची शेंग पाहून शहरातली मुलं तोंडात बोट घालतात. तिची चपटी, तपकिरी, गुळगुळीत बी पाण्यावर तरंगते. तिच्याच कुळातल्या बिया समुद्रातून वाहत थेट युरोपच्या किनाऱ्याला लागतात, हे मला एका पाहुण्या अभ्यासकानं सांगितलं, तेव्हा मला आमच्या चौल बंदराची आठवण झाली.

या वेलींच्या आणि फांद्यांच्या रस्त्यावरून शेकरू फिरतं. राज्यप्राणी म्हणून त्याचं नाव पुस्तकात आहे, पण त्याचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर टांगलेलं असतं: फांदीला फांदी लागलेली हवी. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा चौल-रेवदंड्याच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या घरामागची पोफळ मी पडलेली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी वर गेलो, तर जंगलाच्या छपरालाही जागोजाग खिंडारं पडलेली. पोफळ पुन्हा लावली की सहा-आठ वर्षांत सुपारी धरते. जंगलाच्या छपराला तेवढ्यात भागत नाही.

दुसरं काम पाण्याचं. फणसाडात पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण ही नावं इथल्या माणसांच्या तोंडी आहेत. एप्रिल-मेमध्ये सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, सगळ्यांच्या वाटा गाणीकडेच वळतात. आणि म्हणून शिकाऱ्याच्या वाटाही. मोटारसायकलच्या क्लचच्या तारेची फासकी पाचोळ्याखाली दिसत नाही. ती डुकरासाठी लावलेली असते, पण तारेला डुक्कर आणि भेकर यांतला फरक कळत नाही. म्हणून पाण्याची पातळी पाहायची, सिमेंटच्या बश्यांतून पाणी भरायचं, आणि परतताना वाटेच्या दोन्ही बाजूंना काठीनं पाचोळा चाळत यायचं. माझी कंबर गेली ती चढणीनं नव्हे, या वाकण्यानं.

* * *

शेवटच्या हंगामात माझ्याबरोबर एक नवी वनरक्षक होती. विदर्भातली मुलगी, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. मला 'काका' म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं समुद्र पाहिला आणि म्हणाली, "काका, एवढं पाणी आणि वर प्राण्यांना प्यायला नाही?" मी म्हटलं, "बाई, चौलच्या माणसाला हा प्रश्न जन्मभर कुणी विचारला नव्हता."

खरं सांगतो, बाईमाणूस एकटी रानात फिरणार, याची मला सुरुवातीला काळजी वाटली. २०२१ साली ताडोब्यात गणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता, ते डोक्यात होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "काका, वाघिणीनं बाई म्हणून नाही धरलं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ती मोबाइलवर वाट नोंदवायची, ट्रॅप कॅमेऱ्याच्या पेट्या स्वतः बांधायची. मी तिला वारा शिकवला.

किनाऱ्यावरच्या जंगलात वारा समजला नाही तर आग समजत नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि डोंगर चढतात. आगीलाही चढच आवडतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी पायथ्याशी पडलेली ठिणगी आणि वारा दोघं एकाच दिशेला निघतात. रात्री उलट होतं. जमिनीकडून मतलई वारे सुटतात, आग मंदावते, कधी आपल्याच जळलेल्या पट्ट्यावर परत येऊन उपाशी मरते. ज्याला घाई असते तो दुपारी आगीशी झुंजतो. ज्याला वारा कळतो तो दुपारी तिची वाट अडवतो आणि रात्री तिला मारतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी तसंच झालं.

जंगलाच्या कडेच्या एका वाडीत एक म्हातारा आहे. नाव सांगत नाही. मी त्याला आबा म्हणतो. निसर्ग वादळानंतर वरची वाट पडलेल्या झाडांनी बंद झाली होती, तेव्हा हा माणूस कोयता-कुऱ्हाड घेऊन तीन दिवस आमच्याबरोबर राबला. मजुरीचं नाव काढलं नाही. दुपारची भाकरीही त्याच्याच घरून यायची. असं माणूस.

आबा राब भाजत होता. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्यावर शेण, पाला, गवत यांचे थर घालून ते भाजायचे, ही कोकणातली पिढ्यान्पिढ्यांची रीत. राब भाजायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना, बाजूनं माती ओढून, दोन माणसं उभी ठेवून. आबाचा मुलगा मुंबईला. मदतीला माणूस मिळेना, सकाळ निघून गेली, आणि त्यानं दुपारी एकट्यानं काडी लावली. वारा उठला. बांधावरचं गवत पेटलं, आणि तिथून चढण सुरू.

आम्ही पोचलो तेव्हा आग पहिल्या टेपावर होती. मी, ती मुलगी, दोन हंगामी मजूर आणि मागून वाडीतली चार पोरं. सवयीनं मी ब्लोअरकडे हात नेला. तिनं तो आधीच पाठीवर घेतला होता. म्हणाली, "काका, तुम्ही वर त्या खडकावर बसा. आग कुठं वळते ते ओरडून सांगा. माझ्या डोळ्यांत धूर आहे."

तिचं बरोबर होतं. गुडघा मला त्या चढावर पंधरा मिनिटंही साथ देणार नव्हता. पण छत्तीस वर्षं जो माणूस आगीच्या तोंडाशी उभा राहिला, त्याला खडकावर बसून हातवारे करायला लागणं, हे सोपं नसतं. निवृत्ती मे महिन्यात झाली असं कागद म्हणतात. माझी त्या खडकावर झाली.

आम्ही जुनी जाळरेषा धरली. पाचोळा भराभर हटवला, आणि तिच्या आतल्या बाजूनं आपणच आग लावून वणव्यासमोरचं गवत संपवलं. आबाही होता. धोतराचा काचा मारून ओल्या डहाळीनं झोडपत होता. अंधार पडला, वारा फिरला, आणि मध्यरात्र उलटल्यावर शेवटचं खोड विझलं. मोठी झाडं उभी होती. पण जमिनीवर काही उरलं नव्हतं.

लोकांना वाटतं, झाडं उभी आहेत म्हणजे जंगल वाचलं. एक पाऊस झाला की तिथं दुप्पट गवत येतं, आणि गावातली माणसंही म्हणतात, बघा, जाळलं म्हणून चारा आला. पण जमिनीलगतची आग रोपटी खाते. रानकोंबडीची अंडी, सरडे, कासवं, वाळवीपर्यंत सगळं खाते. असा पट्टा चार-पाच वर्षं जळत राहिला, की तिथं आजोबा असतात, नातवंडं नसतात. आजोबा गेले की घर बंद.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी कागद घेऊन बसली. आगीची वेळ, ठिकाण, क्षेत्र, सगळं लिहून झालं. एक रकाना उरला, 'आगीचे कारण'. पेन उचलून तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय लिहू, काका?"

आबाचे उपकार तिला ठाऊक होते. मीच सांगितले होते.

मग मी तिला ती गोष्ट सांगितली, जी मी घरी बायकोलाही सांगितली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्याच एका रानात, अशीच एक आग लागली होती. ज्यानं लावली तो गरीब होता, बायको आजारी होती. माझ्या पाया पडला. मी त्या रकान्यात लिहिलं, 'अज्ञात'. मला वाटलं, मी फार मोठ्या मनाचा. पुढल्या वर्षी त्याच बांधावरून पुन्हा आग लागली. कारण ज्याचं नाव कागदावर नाही, त्याला समजावायला कुणी जात नाही, त्याच्या बांधालगत जाळरेषा काढायचं कुणाला सुचत नाही. कागदावर तिथं काही घडलेलंच नसतं. त्या दुसऱ्या आगीत धुराडं झालेल्या एका झाडावर शेकरूचं घरटं होतं. मादी खाली-वर पळत होती. शेजारच्या झाडाला फांदी लागत नव्हती. पिल्लांना तोंडात धरून ती कुठं नेणार होती? मी खाली उभा होतो, हातात ओली डहाळी घेऊन.

'अज्ञात' हा शब्द आपल्याकडच्या रानांचा मोठा शत्रू आहे. तो लिहिणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. त्याला कुणाचा तरी कळवळा आलेला असतो, एवढंच.

मी तिला म्हटलं, "कारण लिही. वय लिही. मदतीला माणूस नव्हतं हे लिही. पळून गेला नाही, मध्यरात्रीपर्यंत आमच्याबरोबर आग विझवली, हेही लिही. पण कारण लिही."

अभयारण्यात आग लावायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३०नं मनाई आहे. हेतू नव्हता, हे आबाच्या बाजूनं सांगता येतं, आणि आम्ही ते सांगितलं. पुढं जे झालं ते कायद्याच्या वाटेनं झालं. ते इथं लिहायचं कारण नाही. पंचनाम्यावर सही करताना आबानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या वाडीवरून जाताना मी हाक मारायचो, आतून आवाज यायचा नाही. ओट्यावरची पाण्याची कळशी मात्र तो आत नेत नसे. मी कधी त्यातलं पाणी प्यायलो नाही.

* * *

२३ मेला बुद्धपौर्णिमा होती. त्या रात्री चंद्राच्या उजेडात पाणवठ्यावर प्राण्यांची नोंद करायची, ही महाराष्ट्रातल्या जंगलांची जुनी पद्धत. माझं हे शेवटचं मचाण. रात्री नऊच्या सुमारास रानडुकरं आली, चिखल तुडवून गेली. रातवा एकसुरी ठोके देत राहिला. मग दोन सांबर झाडीच्या कडेला येऊन थांबली. पाण्यापासून दहा पावलांवर. कान मागं, शेपटी ताठ. अर्धा तास तशीच. पलीकडच्या उतारावरून भेकर भुंकलं, आणि सांबरं पाणी न पिता मागं फिरली.

"बिबट्या?" ती मुलगी कुजबुजली.

"दिसला तर लिही. दिसला नाही तर 'भेकराचा इशारा' असं लिही."

तो दिसला नाही. सकाळी ओल्या मातीत ताजा ठसा होता, आम्ही बसलो होतो त्याच बाजूला, बरोबर मचाणाखालून गेलेला. त्यानं आमची नोंद केली असणार.

३१ मेला शाल-श्रीफळ झालं, चार शब्द झाले. मी टॉर्च, दुर्बीण, नोंदवह्या यादीप्रमाणे सुपूर्द केल्या. आबा आला नाही. मी वाट पाहत होतो, हे खोटं कशाला बोलू? निघताना त्या मुलीनं वही उघडली आणि विचारलं, "काका, कुठली गाण आधी आटते? कुठल्या बांधावर वारा आधी फिरतो? फासक्या जास्त कुठं सापडतात?" यादीत नसलेल्या त्या वस्तू सुपूर्द करायला आम्हाला संध्याकाळ झाली.

* * *

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चौलला पाऊस आला. मी ओट्यावर बसलो होतो. पाऊस पाहिला की माझी नजर आपोआप डोंगराकडे जाते. रेषा आता भिजली असेल, आता आग लागली तरी धरणार नाही, असा हिशेब मनात होतो. बायको म्हणाली, "आता तुमचं काय आहे तिकडे?"

आमच्या रामेश्वराच्या देवळात जमिनीखाली तीन कुंडं आहेत: अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायचं, अशी जुनी प्रथा. लहानपणापासून ती नावं ऐकत आलो, पण नोकरीत असताना कधी मनात आलं नाही, की वनरक्षकाचा उन्हाळा या तिघांतच बसतो. आग लागते, वारा तिला नेतो, पाऊस तिला संपवतो. मधल्या चार महिन्यांत माणसानं फक्त उभं राहायचं असतं, आणि जे पाहिलं ते खरं लिहायचं असतं.

निवृत्तीनंतरच्या पुढल्या उन्हाळ्यात, मार्च महिन्यात, सकाळी सातला त्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, आग. ती हसत होती. म्हणाली, "काका, तुमचे आबा काल नाक्यावर आले होते. परवा सकाळी राब भाजणार आहेत म्हणाले. वारा उठायच्या आत संपवतो, पण दोन माणसं उभी राहायला द्या, असं मागत होते. वाडीतल्या अजून तिघांच्या तारखा पण सांगून गेले. मी वहीत लिहून घेतल्या."

"माझं काही विचारलं?" मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण काका, येताना फणस घेऊन आले होते. दोन. एक म्हणाले तुमचा."

तो फणस तिनं एसटीनं रेवदंड्याला पाठवला. मी स्वतः जाऊन उतरवून घेतला.